क्वेकरांच्या सभेत माझे दोन शब्द

गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात माझा अमेरिकेवरचा लेख आला होता. त्यात मी लिहिलं होतं की, बॉस्टनच्या उत्तरेला एका लहान गावात, क्वेकर पंथाच्या जुन्या प्रार्थनागृहात मी त्यांच्याच इतिहासावर बोललो; सगळ्यांनी अत्यंत शांतपणे ऐकलं आणि शेवटी प्रत्येकाने माझा हात हातात घेतला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. लेख मात्र खोटा होता.

तेव्हापासून कऱ्हाडात कुठेही मला पाहुणा म्हणून बोलावलं की ओळख करून देणारा सांगतो, ‘सरांनी अमेरिकेतही व्याख्यान दिलेलं आहे.’ मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

त्या लेखात वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्याचा उल्लेख नव्हता. गाव सोडून जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्याला आपल्या माणसांसमोर काही बोलायचं होतं, आणि ती वेळ मी खाल्ली. म्हणून तो प्रवास पुन्हा पहिल्यापासून लिहितो. सहल मजेत झाली, तेही लिहितो. चूक माझी होती, वाचकांना रडवण्याचं कारण नाही.

एडिसन

२००६च्या उन्हाळ्यात मी आणि माझे व्याही दिगंबरराव एकाच वेळी न्यू जर्सीत होतो. माझा निखिल आणि त्यांची मानसी यांचं घर एडिसनला. दिगंबरराव नागपूरचे, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले; मी कऱ्हाडला शाळेत इतिहास शिकवलेला. दोघेही विधुर. मुलं कामावर गेली की दोन म्हातारे ओक ट्री रोडपर्यंत चालत जाऊन कोथिंबीर आणायचे आणि येताना भांडायचे. भांडणाला विषय लागायचा. एके दिवशी मी क्वेकर काढले, आणि पुढे महिनाभर विषयाची चिंता मिटली.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा पंथ निघाला. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा उजेड असतो, तेव्हा मधे भटजी कशाला, हा त्यांचा मूळ मुद्दा. बाईलाही उपदेश करायचा अधिकार. न्यायाधीश असो की सरदार, कुणापुढे टोपी काढायची नाही, सगळ्यांना ‘तू’ म्हणायचं, आणि कोर्टात शपथ घ्यायची नाही. इंग्लंडात धर्मापायी त्रास झाला म्हणून पळून बॉस्टनला आलेले प्युरिटन लोक तिथे राज्य करत होते. क्वेकर उपदेशक जहाजाने तिथे पोचले, तेव्हा या प्युरिटनांनी त्यांना तुरुंगात टाकलं, पुस्तकं जाळली, फटके मारले, कान कापले. शेवटी चौघांना फाशी दिलं, त्यात एक बाई होती. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागचे बाकसुद्धा गप्प व्हायचे.

दिगंबरराव गप्प झाले नाहीत. “शपथ घेत नाही म्हणजे? मग साक्ष नोंदवायची कशी?”

मी म्हणालो, त्यांचं म्हणणं असं की जो शपथ घेतल्यावर खरं बोलतो, तो एरवी काय बोलत असेल?

त्यावर ते रस्त्यात उभे राहून हसले. जन्मभर रोज अकरा ते पाच तेच ऐकलंय म्हणाले. पण टोपीच्या बाबतीत ते ठाम होते. “वसंतराव, कोर्टात टोपी काढा म्हटलं तर काढायची ना बाप्पा. त्यात कसला आलाय आतला उजेड?”

मानसीने हे भांडण जेवणाच्या टेबलावरही ऐकलं आणि एका रात्री जाहीर केलं, “बाबा, पप्पा, लेबर डेच्या लाँग वीकेंडला बॉस्टनला जातोय. हॉटेल बुक केलंय. जे काय असेल ते तिकडे जाऊन सेटल करा यार.” सासऱ्याला आणि बापाला एकत्र ‘यार’ म्हणणारी सून माझ्या वाट्याला आली, हे माझं भाग्य.

बॉस्टन, शनिवार

मानसीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेतलं होतं. ते कनेक्टिकट संपायच्या आत संपलं.

बॉस्टनला शहराच्या मधोमध मोठं मैदान आहे. मुलं पतंग उडवत होती, एक नवरदेव-नवरी फोटो काढून घेत होती. त्याला लागून, टेकाडावर, सोन्याच्या घुमटाची सरकारी इमारत. तिच्यासमोर त्या फाशी गेलेल्या बाईचा पुतळा आहे. बाकावर बसलेली, साधा झगा, हात मांडीवर. ज्या सरकारने फाशी दिलं त्याच्याच दारात तिला बसवलंय. आपल्याकडे पुतळे घोड्यावर नाहीतर बोट पुढे केलेले. ही बाई नुसती बसलेली आहे, आणि तरी मला तिच्यासमोर फार वेळ उभं राहवेना.

दिगंबररावांनी खालचा मजकूर दोनदा वाचला. मी त्यांना सांगितलं, की हिला एकदा फासाखाली नेऊन सोडून दिलं होतं. मुलाने रदबदली केली होती. पुन्हा येऊ नकोस म्हणून बजावलं. ती पुन्हा आली.

“का आली पण?” हा प्रश्न न्यायाधीशाचा नव्हता, माणसाचा होता. मी म्हणालो, कायदा वाईट आहे हे घरी बसून सांगता येत नाही, असं तिला वाटलं असेल. ते पुतळ्याला एक फेरी घालून आले. मग म्हणाले, की फाशी चूक. पण हे लोक दुसऱ्यांच्या देवळात भर प्रवचनात उभे राहून बोलायचे, हे खरं की नाही? मला कबूल करावं लागलं. खरं होतं. प्युरिटन पाद्री बोलत असताना क्वेकर मधेच उठत आणि तू पोकळ आहेस म्हणून सांगत. दोघी बायकांनी तर प्रवचनानंतर पाद्र्यासमोर बाटल्या फोडल्या होत्या, पोकळपणाची खूण म्हणून.

“मग? आमच्या नागपुरात कुणी कीर्तनात उठून असं केलं असतं, तर लोकांनी काय त्याची आरती केली असती?”

निखिलने भूक लागल्याचं सांगून सुनावणी तहकूब केली. बंदरावर शिंपल्यातल्या माशांचं पांढरं दाट सूप मिळतं. मी शाकाहारी, मी उकडलेला मका खाल्ला. दिगंबररावांनी सूप मागवलं, दोन चमचे खाल्ले आणि निकाल दिला की दूध नासलं नाही एवढीच या पदार्थाची थोरवी. मग पिशवीतून तिखटाची पुडी काढून त्यांनी अपील मंजूर केलं. वाडगा चाटूनपुसून साफ झाला.

रविवार

मानसीच्या ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीने आम्ही उत्तरेच्या त्या गावी क्वेकरांच्या सभेला गेलो. रूथ नावाच्या साठीच्या बाई तिथलं काम पाहतात. त्या दारातच उभ्या होत्या. करड्या फळ्यांचं घर, ना कळस ना क्रॉस, आत मूर्ती नाही, चित्र नाही, वेदी नाही. नुसते समोरासमोर लाकडी बाक. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत याहून जास्त सजावट असते. दिगंबररावांनी बॉस्टनला उन्हासाठी घेतलेली टोपी काढायची की ठेवायची, हे रूथबाईंना अदबीने विचारलं. त्या हसून म्हणाल्या, तुमची मर्जी. आयुष्यभर दुसऱ्यांना टोपी काढायला लावणारा माणूस ती डोक्यावर ठेवून पहिल्या बाकावर जाऊन बसला. असा खुललेला चेहरा मी त्यांचा मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पंधरा-वीस माणसं आली, बसली आणि गप्प झाली. मला वाटलं, सुरू होईल. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक माशी खिडकीवर आपटत होती. कुणी कुणाकडे बघेना.

आता माझी बाजू समजून घ्या. कऱ्हाडच्या व्याख्यानमालेत वीस वर्षं माझं काम एकच होतं. वक्त्यांची गाडी उशिरा आली की सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, “सर, पाहुणे येईपर्यंत दोन शब्द.” पुणे-कऱ्हाड रस्त्याची मेहेरबानी, मी शेकडो वेळा दोन शब्द बोललोय. श्रोते बसलेत आणि कुणी बोलत नाही, हे दृश्य मला सहनच होत नाही. माझे पायच उठतात. मौन हीच इथली उपासना, आणि आतून काही आलं तरच उठून बोलायचं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वर्गात शिकवलेलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि त्या शांततेत वीस मिनिटं बसणं वेगळं.

समोरच्या बाकावर एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. त्याच्या शेजारी त्याची बायको. म्हाताऱ्याने पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. अंग पुढे झुकवलं. तो उठू लागला होता.

मी त्याला पाहिलं. आमची नजरानजर झाली. आणि मी त्याच्या आधी उभा राहिलो.

हे एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

मग मी बोललो. आयोजकांचे आभार मानले, जिथे आयोजक असा कुणी नव्हताच. भारताचं वर्णन केलं. नंतर क्वेकरांना क्वेकरांचा इतिहास सांगितला. जहाज, तुरुंग, कापलेले कान, गाडीच्या मागे बांधून गावोगाव फटके मारत नेलेल्या बायका, फाशी. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांचं हे सगळं, ते गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. माझं इंग्रजी त्या दिवशी विलक्षण वाहत होतं. अर्धा तास तरी झाला असेल. शेवटी सवयीने ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणून मी खाली बसलो. टाळी नाही. मानसी जमिनीकडे बघत होती. निखिलचे कान लाल झाले होते.

पुन्हा शांतता, ती शेवटपर्यंत. मग रूथबाईंनी शेजाऱ्याचा हात हातात घेतला, आणि सगळे उठून एकमेकांशी हस्तांदोलन करू लागले. माझ्याशीही. मी प्रत्येकाला ‘थँक यू, थँक यू’ म्हणत होतो.

त्यानंतर अंगणात झाडाखाली जेवण होतं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणलेला. टेबलं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून उसनी आणली होती. मी ब्लूबेरीचा पाय, म्हणजे फळांच्या सारणाचा गोड पदार्थ, खात होतो आणि स्वतःवर खूष होतो, तेवढ्यात दिगंबररावांनी रूथबाईंची उलटतपासणी सुरू केली. हस्तांदोलन कशासाठी? सभा संपली याची ती खूण, रोजचीच. वक्त्यासाठी नाही? नाही. कुणी बोलल्यानंतर लगेच दुसरा बोलू शकतो? शक्यतो नाही, आधीचं बोलणं मनात मुरू द्यायचं, मगच दुसऱ्याने उठायचं. आणि ते समोरचे गृहस्थ, ते उठत होते ना?

रूथबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय हळुवारपणे सांगितलं. ते वॉल्टर. शेजारी त्यांची बायको ईडिथ, हा पाय तिनेच केलाय. मंगळवारी दोघं कायमची ॲरिझोनाला मुलीकडे चाललीत. नऊ वर्षांपूर्वी सभेत विचार निघाला होता, की या अंगणात एक दगड बसवावा आणि या गावातून फटके मारत नेलेल्या बायकांची नावं त्यावर कोरावी. सगळे तयार, एकटे वॉल्टर नको म्हणाले. म्हणून बसवला नाही.

“एकट्यामुळे? मत नाही घेतलं?” मी विचारलं.

इथे मत घेत नाहीत, त्या म्हणाल्या. एकाचंही मन तयार नसेल तर थांबायचं.

आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि विरोधातली तीन घरं अजून आमच्याशी बोलत नाहीत. इथे एका म्हाताऱ्यासाठी सगळी सभा नऊ वर्षं थांबली होती. दगडासाठी सर्वांत जास्त आग्रह खुद्द ईडिथचा. नऊ वर्षं दोघं त्यावर वाद घालत एकाच गाडीतून सभेला येत होती. आज वॉल्टर काहीतरी बोलणार, हे तिला कळलं होतं. काय, ते त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

मी पायची बशी टेबलावर ठेवून दिली.

दिगंबरराव मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते चक्क हसत होते. “वसंतराव, तुमच्या लक्षात येतंय का? यांचे पूर्वज दुसऱ्यांच्या प्रार्थनेत उठून बोलले, तर बॉस्टनवाल्यांनी त्यांचे कान कापले. तुम्ही यांच्या प्रार्थनेत उठून बोललात, तर तुम्हाला पाय वाढला. मी माझा निकाल बदलतो. हे लोक बॉस्टनपेक्षा चांगले.” मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यांना उठताना पाहिलं नव्हतं ना?”

निखिल आणि मानसी तोवर शेजारी येऊन उभी राहिली होती.

“नाही हो,” मी म्हणालो.

दिगंबरराव तसेच वळले. रूथबाईंकडे जाऊन त्यांनी विचारलं, की पुढची तारीख मिळेल का. तारीख म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या म्हणाल्या, की दोन-तीन माणसं बसली तरी सभा होते, आणि ती कुठेही होते. त्या वॉल्टरशी बोलल्या. त्याने मान हलवली. सोमवारी सकाळी, त्याच्या घरी.

मानसीने सोमवारचा आउटलेट मॉलचा बेत कॅन्सल केला. माझ्यासाठी कुणी केलेला एवढा मोठा त्याग मला आठवत नाही.

सोमवार

वॉल्टरच्या दिवाणखान्यात सगळीकडे खोकी. खुर्च्या आधीच कुणाला देऊन टाकलेल्या, म्हणून आम्ही खोक्यांवर बसलो. दिगंबरराव ज्यावर बसले होते त्यावर ‘काच’ असं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते तासभर अर्धे अधांतरी होते. आम्ही चौघं, रूथबाई, ईडिथ, वॉल्टर, आणि सभेतली पाच-सहा माणसं.

मी गप्प बसलो. सुरुवातीला जीभ टाळ्यावर दाबून धरली. मग पाय दाबून धरले. मनात आभारप्रदर्शनाची वाक्यं आपोआप तयार होत होती, त्यांना एकेक करून परत पाठवलं. खूप वेळाने केव्हातरी ती यायची थांबली. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. मग तेही थांबलं.

वॉल्टर खोक्यावरून उठला. तो जे बोलला ते थोडंच होतं. तिथले जुने लोक सगळ्यांना ‘तू’ म्हणायचे, तेव्हा मीही त्याचं बोलणं तसंच एकेरीत मराठीत आणतो.

“मी दगडाला नको म्हणालो, कारण मला भीती होती, आपण आपल्यावर झालेला जुलूम बघत बसू आणि स्वतःवर खूष होऊ. काल या पाहुण्याने तो सगळा जुलूम सांगितला, आणि मी खरंच खूष होत होतो. पण त्याआधी मला राग आला होता. मला बोलायचं होतं आणि हा आधी उठला. कुणीतरी याला खाली बसवावं, असं मला वाटलं. बाया गाडीला बांधणाऱ्या शिपायालाही एवढंच वाटलं असेल. दगड बसवा. त्यावर त्या बायांबरोबर त्या शिपायाचंही नाव घाला. तो याच गावचा होता.”

तो बसला. ईडिथने त्याच्याकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नंतर कळलं, की त्या शिपायाचे वंशजच गावातलं हार्डवेअरचं दुकान चालवतात, आणि दर रविवारी जेवणाची टेबलं उसनी देतात. त्यांना विचारायला लागेल, असं रूथबाई म्हणाल्या. त्यालाही नऊ वर्षं लागतील, असं ईडिथ म्हणाली, आणि सगळे हसले.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. ‘मी तुला उठताना पाहिलं होतं’ एवढंच. ती सगळी शांतता माझ्यासाठी मोकळी होती, आणि एरवी जिथे तिथे उठणारे माझे पाय आता हलेनात. सभा संपल्यावर मी तासभर गप्प बसलो म्हणून निखिलने माझी पाठ थोपटली. वॉल्टरने हात पुढे केला. मी तो घेतला आणि गाडीत जाऊन बसलो.

एडिसनपर्यंत दिगंबररावांनी गाणी म्हटली, मुलांना कोर्टातले किस्से सांगितले, थांबू तिथे कॉफी पाजली. क्वेकरांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि परतल्यावर महिनाभर एडिसनमध्येही काढला नाही. त्यांना कळलं होतं. साक्षीदार खोटं बोलला की त्यांना कसं कळतं, हे त्यांनी मला ओक ट्री रोडवर कितीदा तरी सांगितलं होतं.

कऱ्हाड

गेल्या महिन्यात संघाने पुन्हा लेख मागितला, तेव्हा मी आधी नागपूरला फोन केला आणि दिगंबररावांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “मला कशाला सांगता? मी फिर्यादी नाही.” मग मानसीकडून रूथबाई, रूथबाईंकडून ॲरिझोनाचा नंबर, असं करत एका सकाळी माझा फोन वॉल्टरकडे लागला. तिकडे संध्याकाळ होती. आधी मी कोण ते सांगितलं, मग हवामान विचारलं, मग ईडिथची तब्येत. मग सांगितलं.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, लाइन कटली. पण मी बोललो नाही, थांबलो.

“मला माहीत होतं,” वॉल्टर म्हणाला. “तू माझ्याकडे बघत बघतच उठलास. म्हणून तर मला एवढा राग आला.”

मी विचारलं, मग त्या दिवशी घरी सगळ्यांसमोर ते का नाही सांगितलंस?

“ते सांगायचं काम माझं नव्हतं,” तो म्हणाला, आणि मागे भांडी घासत असलेल्या ईडिथला ओरडून सांगू लागला, की कऱ्हाडहून फोन आलाय, तो माणूस अखेर उठून उभा राहिलाय.